आधी लीद बघा, मग घोडा

मागच्या अंकात मी आमच्या अकरा घोड्यांबद्दल दोन पानं लिहिली होती, त्यावर इतके प्रश्न आले की संपादकांनी थेट एक पिशवीच हातात दिली. त्यातले निम्मे "घोडा केवढ्याला मिळतो" असे आहेत. ते मी बाजूला ठेवलेत, कारण घोडा विकत घेणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. बाकीच्यातले काही खाली घेतलेत. ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आमची जागा इंदूरबाहेर राऊच्या पुढे, महूच्या बाजूला आहे, वडिलांनी सुरू केलेली पागा आहे, आता मी आणि दोन सईस, म्हणजे घोडे सांभाळणारे, मिळून बघतो.

प्रश्न : ताई, मी विजयनगरला राहतो, आयटीत आहे, नोकरी सोडून हॉर्स फार्म काढायचं डोक्यात आहे. दिवसभरात नक्की काय काम असतं? रील्समध्ये तर सगळे सूर्योदयाला घोडे पळवताना दिसतात.

भाऊ, सूर्योदयाला आमच्याकडे घोडे नाही, फावडं पळत असतं. एक घोडा दिवसाला साधारण १५ ते २० किलो लीद टाकतो, आमचे अकरा आहेत, गुणाकार तुम्ही करा, आणि मुतानं भिजलेला पेंढा त्यात धरलेला नाही.

पावणेपाचला उठायचं. चहा नंतर. आधी टॉर्च घेऊन सगळ्या ठाणांवरून एक चक्कर. त्या चक्करमध्ये मी घोड्याकडे नंतर बघते, आधी रात्रीची लीद बघते, कोणाची किती ठिकाणी पडलीय, कोणाची पडलीच नाही. मग चपलेच्या टोकानं एक गोळा दाबायचा. अलगद फुटला, आत हिरवट-खाकी आणि ओलसर दिसला की त्या घोड्याची रात्र बरी गेली. गोळा बारीक, कडक आणि वरून शेंबडासारखं चकचकीत काही लागलेलं असलं तर हा पाणी कमी प्यायलाय, आज याच्यावर नजर ठेवायची. आणि लिदीत हरभरे जसेच्या तसे अख्खे दिसले तर तोंड उघडून दात बघायचे, कारण घोड्याचे दात वर सरकत राहतात आणि चावून चावून त्यांना कडेनं धार येते, मग त्याला नीट चावता येत नाही, वर्षातून एकदा तरी व्हेटकडून ते कानशीनं घासून घ्यावे लागतात. बाबा म्हणायचे, पेपर नंतर वाच, आधी लीद वाच. तेव्हा किळस यायची, आता मी जेवतानासुद्धा हा विषय काढते आणि घरचे उठून जातात.

मग पाणी. चारशे किलोचा घोडा थंडीत २५-३० लिटर पितो, मे महिन्यात आमच्याकडे ४२ डिग्री झाली की साठपर्यंत जातो. टाकी रोज हातानं घासायची, नुसती भरून चालत नाही, शेवाळ्याचा वास आला तर आमची काळी दिवसभर तहानलेली उभी राहील पण तोंड लावणार नाही. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी असायचा हे आपण शाळेत वाचून सोडून दिलेलं असतं, पण पंचवीस जनावरांना पाणी पुरवणं हे एका माणसाचं पूर्णवेळ काम आहे हे मला आमची मोटर जळली त्या दिवशी कळलं.

पाण्यानंतर चारा आणि चाऱ्यानंतर दाणा, या क्रमानं. घोड्याचं अंग एवढं मोठं पण पोट अगदीच लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्याला उलटी करता येत नाही, गेलं ते गेलं. निसर्गानं त्याला दिवसभर थोडं थोडं चरायला बनवलंय आणि आपण त्याला माणसासारखं दोन वेळा ताट वाढतो, तिथेच घोडं पेंड खातं. आमच्याकडे चारा चार वेळा पडतो, एका घोड्याला दिवसाचा सात-आठ किलो वाळका, वर थोडी लसूणघास. दाणा म्हणजे भरडलेले जव, भिजवलेले हरभरे, गव्हाचा कोंडा, आणि एका वेळी दोन किलोच्या वर कधीच नाही, कितीही फुरफुरला तरी. आणि मूठभर मीठ. ते विसरू नका, घामाबरोबर खूप मीठ जातं.

मग खरारा. अकरा घोडे, अर्धा अर्धा तास धरला तर तीन जणांत दोन तास तिथेच गेले. खरारा गोल फिरवायचा, मानेवर, पाठीवर, पुठ्ठ्यावर, जिथे मांस आहे तिथे, गुडघ्याखाली हाडावर नाही, तिथे मऊ ब्रश. आणि मग खुर, अकरा चोक चव्वेचाळीस, प्रत्येक उचलून टाचेकडून पुढे असा खोदणीनं साफ करायचा. गिट्टीचा एक खडा आत राहिला की दुसऱ्या दिवशी घोडा लंगडतो. हे करता करता सगळ्या अंगावरून हात फिरतो, कुठे गरम लागतंय, कुठे सूज आहे, कुठे रात्री कोणी कोणाला चावलंय, सगळं हाताला कळतं, म्हणून हे काम मी सगळंच्या सगळं सईसांवर कधी सोडत नाही.

आठपर्यंत हे आटोपलं तर रपेट किंवा लंजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं) किंवा मोकळं सोडणं. ते जुनं कोडं आहे ना, भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला, उत्तर एकच, न फिरवल्यानं. ते कोडं करणाऱ्यानं पागेत काम केलेलं असणार. दाणा तेवढाच चालू ठेवून घोडा दोन-तीन दिवस ठाणावर उभा ठेवला आणि मग एकदम जोरात काढला तर त्याच्या मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, लाकडासारखे होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. म्हणून सुटीच्या दिवशी दाणा निम्मा.

दुपारी चारा, पाणी, नाल सैल झाली का, माश्या. संध्याकाळी परत सगळं तेच. रात्री दहाला शेवटची चक्कर, हीच टॉर्च, हेच बघणं. दिवाळी, गणपती, घरातलं लग्न, कोणाचं बारावं, कशालाही सुटी नाही. नोकरी सोडायच्या आधी रजा टाकून एक महिना कुठल्याही तबेल्यात फावडं धरा, आमच्याकडे या हवं तर, पण जुलैत या. नोव्हेंबरात सगळ्यांनाच घोडे आवडतात.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे, सहा महिने रायडिंग शिकतेय. बंगल्यामागे प्लॉट रिकामाच आहे. वाढदिवसाला तिला एक पोनी घेऊन द्यावी असं आम्हा दोघांना वाटतं. तुमचं काय म्हणणं?

एक नको. परवडत नाही म्हणून नाही म्हणत, तुम्हाला परवडत असेल, पोनीला परवडणार नाही.

घोडा कळपाचं जनावर आहे. आमच्याकडे दुपारी बाभळीखाली बघा कसे उभे असतात, जोडी जोडीनं, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडे, म्हणजे माझी शेपटी तुझ्या तोंडावरच्या माश्या उडवते आणि तुझी माझ्या. एकट्या घोड्याच्या तोंडावरच्या माश्या कोण उडवणार? जोडीदार नसला की तो खांब चावायला लागतो, डोलत राहतो, हवा गिळायला लागतो आणि एकदा लागलेली ही सवय मग सुटता सुटत नाही.

आमच्या कळपात पुढारी कोण म्हणाल तर चंद्रा, सतरा वर्षांची घोडी, उंचीला सगळ्यात मध्यम. रेसमधून रिटायर झालेला कप्तान तिच्यापेक्षा हातभर उंच आहे पण ती नुसते कान मागे पाडते आणि तो पाण्यावरून बाजूला होतो. आधी ती पिणार, मग तिची मैत्रीण काळी, मग बाकीचे, आणि आमचं तट्टू मोगरा सगळ्यात शेवटी पण सगळ्यात जास्त. मोकळ्यावर चारा टाकताना घोडे अकरा असतील तर ढीग बारा टाकायचे आणि लांब लांब टाकायचे, म्हणजे हाकलला गेलेल्याला जायला कायम एक ढीग रिकामा असतो. ही एक गोष्ट कळायला मला लाथांचे दोन व्रण आणि चार वर्षं लागली. नवीन घोडा आला की लगेच आत सोडायचा नाही, आठवडा-दोन आठवडे कुंपणापलीकडून वास घेऊ द्यायचा.

मुलीला रायडिंग चालू ठेवू द्या, आणि शिकवणाऱ्यांना सांगा की तिला खरारा आणि खुर साफ करणंही शिकवा. वर्षभरानं ती हे सगळं न कुरकुरता करत असेल तर दोन घेण्याबद्दल बोलू.

प्रश्न : महूहून लिहितोय. आमच्या घोडीचं पोट दुखलं तेव्हा गावातल्या एकानं हिंग, ओवा आणि मोहरीचं तेल बाटलीनं पाजलं आणि रात्रभर पळवायला सांगितलं. घोडी वाचली, पण आमचा डॉक्टर खूप चिडला. चूक काय झाली?

घोडी वाचली ती त्या उपायामुळे नाही, नशिबानं. डॉक्टर चिडला ते बरोबर. बाटलीनं पाजलेलं तेल घशातून फुप्फुसात उतरलं की न्यूमोनिया, आणि दुखणाऱ्या पोटानं रात्रभर पळवलेला घोडा दमूनच अर्धा होतो. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवायचं, ते पण तो खाली पडून लोळत असेल तर, लोळताना अंग आपटतं म्हणून. शांत पडून राहिला असेल तर पडू द्यावं.

माझीच गोष्ट सांगते, म्हणजे मी काही शहाणी म्हणून बोलत नाहीये हे कळेल. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, कडाक्याची थंडी. आमचं वाळकं गवत संपलं होतं आणि मी त्या दिवशी एकदम सगळ्यांना नव्या ठिकाणाहून आणलेला गव्हाचा भुसा टाकला. खरं तर चारा बदलायचा तर आठ-दहा दिवस थोडा थोडा मिसळत बदलायचा हे मला माहिती होतं, दुसऱ्यांना सांगतही होते, पण त्या दिवशी बँकेत काम होतं आणि घाई होती. रात्री दहाच्या चक्करला कप्तान मान वळवून वळवून आपल्याच कुशीकडे बघत होता, वरचा ओठ उलटा दुमडत होता, पुढच्या पायानं खाली उकरत होता. टॉर्च खाली मारली. दुपारनंतरची लीदच नव्हती, आणि पाण्याची बादली जशीच्या तशी, वरून बर्फासारखी थंड. थंडीत घोडे पाणी कमी पितात, त्यात भुसा कोरडा, दोन्ही एकत्र आलं की आतडं बंद.

मोठ्या सईसनं त्याच्या कुशीला कान लावला. चांगल्या पोटात कायम गुडगुड चालू असते, दूर कुठेतरी ट्रक चालल्यासारखी. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला आणि मग म्हणाला, "दीदी, पेट बोल नहीं रहा." जबड्याच्या खाली आतल्या बाजूला नाडी लागते, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. उभ्या घोड्याची २८ ते ४४ असते, ती छप्पन्न होती. हे तीनही आकडे, म्हणजे नाडी, शेवटची लीद किती वाजता आणि पाणी किती प्यायला, फोनवर सांगितले की डॉक्टर दुसरा प्रश्न विचारत नाही, गाडीच काढतो.

तो येईपर्यंत चारा उचलून टाकला, मुसकी बांधली, आणि तो लोळायला बघायचा तेवढ्यापुरतं आम्ही आळीपाळीनं त्याला हळूहळू फिरवलं. डॉक्टर दीडला आले. नाकातून नळी पोटात घातली, त्यातून लिक्विड पॅराफिन आणि पाणी, एक वेदनेचं इंजेक्शन, आणि मग आम्ही सगळे ब्लँकेट पांघरून घोड्याच्या शेपटीकडे बघत बसलो, शब्दशः. सव्वाचारला तीन गोळे पडले, लिंबाएवढे, काळपट. धाकटा सईस टाळ्या वाजवायला लागला. डॉक्टर साहेबांनी ते हातात घेऊन फोडून बघितले आणि म्हणाले, आता मला चहा द्या.

तेव्हापासून थंडीत आमच्याकडे रात्रीचं पाणी कोमट असतं आणि चारा बदलायच्या दिवशी मी बँकेत जात नाही.

तुमच्या घोडीला परत दुखलं तर नाडी मोजा, खाणं उचला, फोन करा. महूला तर व्हेटर्नरी कॉलेज तुमच्या दारात आहे, आम्हाला तिथपर्यंत ट्रेलर काढावा लागतो.

प्रश्न : आमच्या प्लॉटशेजारी एकानं चार घोडे ठेवलेत. लिदीचा ढीग, वास, माश्या. इंदूर एवढं स्वच्छ शहर आणि आमच्याकडे हे. तक्रार करावी का? (तुम्ही घोडेवाल्यांच्याच बाजूनं बोलाल म्हणा.)

नाही बोलणार. ढीग तसाच पडला असेल तर चूक त्याची आहे. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून उडणारी माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे आठवडाभर न हलवलेला ढीग हा माश्यांचा कारखाना. पण तक्रारीच्या आधी त्याला एक सांगून बघा, आणि हे इंदुरात राहून सांगावं लागतंय याची मला गंमत वाटते, कारण जगभर शेतीच्या पुस्तकांत कंपोस्टच्या एका पद्धतीला इंदूर पद्धत म्हणतात. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते, आपलं कृषी महाविद्यालय आहे ना त्याच आवारात तेव्हा त्यांची संस्था होती, आणि त्यांच्याबरोबर हे काम करणारे होते यशवंत वाड, म्हणजे आपलाच माणूस. आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडचाच कचरा आणि शेण घेऊन त्यांनी हे बसवलं.

करायचं एवढंच. खाली काटक्या-पाचोळा, त्यावर लीद, त्यावर मुताची माती किंवा भिजलेला पेंढा, थोडी राख, परत पाचोळा, असे थर. पाणी एवढंच की मूठभर हातात दाबलं तर ओलं लागेल पण ठिबकणार नाही. दोन-तीन वेळा उलटायचा, बाहेरचं आत. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारं खत. (परत तेच, न फिरवल्यानं सडतं.) आम्ही मधोमध एक लोखंडी सळई खुपसून ठेवतो, दोन-तीन दिवसांनी बाहेर काढून हातात धरवली नाही म्हणजे आत ढीग तापलाय, साठ डिग्रीच्या आसपास, त्यात अळ्या मरतात, घोड्याच्या जंतांची अंडी मरतात आणि तणाचं बी पण मरतं. आमच्याकडून गुलाबवाले आणि भाजीवाले हे खत स्वतःच्या पिशव्या घेऊन येऊन नेतात.

शेजाऱ्याला सांगा, पहिली पिशवी तुमच्या बागेला. मान्य नाही झालं तर करा तक्रार.

प्रश्न : देवासला आमच्या दोन वरातीच्या घोड्या आहेत. पावसाळ्यात दरवर्षी खुरांना घाण वास येतो, काळं पाणी निघतं. नालबंद म्हणतो मोरचूद भरा.

तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. खुराच्या तळाशी मधे जो त्रिकोणी रबरासारखा मऊ भाग असतो ना, तो सडायला लागलाय. आपली माळव्याची काळी माती गव्हाला चांगली, खुराला वैरी, चिकटते ती निघत नाही आणि आत हवा जात नाही. नुसतं मोरचूद कोंबू नका, जिवंत भाग भाजतो आणि घोडी पाय देईनाशी होते. आधी सडकं तेवढं नालबंदाकडून काढून घ्या, रोज खोदून, धुऊन, कोरडं करून आयोडीन लावा, आणि मुख्य म्हणजे उभं राहायची जागा बदला. आम्ही ठाणांसमोर मुरूम टाकून उंच केलंय, चारही महिने घोड्यांना दिवसातले काही तास तरी कोरड्यावर उभं राहता आलं पाहिजे. जागा ओली आणि वर औषध, म्हणजे नुसता खर्च.

नाल सहा ते आठ आठवड्यांनी काढायचीच, घासली नसेल तरी. खूर महिन्याला जवळजवळ सेंटिमीटरभर वाढतो आणि नाल काही वाढत नाही. लग्नसराईत लोक "अजून चालतेय" म्हणून तीन तीन महिने ओढतात, मग आषाढातली ग्यारस (एकादशी) होऊन लग्नं संपली की एकदम सगळ्यांना नालबंद आठवतो आणि तो कोणालाच मिळत नाही, वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वर्षाला घ्या, खिळा लागला, जखम झाली तर माणसापेक्षा घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो.

तुम्ही ग्लँडर्सबद्दलही, म्हणजे घोड्यांच्या त्या संसर्गजन्य रोगाबद्दल विचारलंय. हो, तपासणी करून घ्या, टाळू नका. तो माणसालाही होतो, त्यावर जनावराला उपचार देत नाहीत, पॉझिटिव्ह निघालं तर कायद्यानं जनावर मारावंच लागतं. रक्ताचा नमुना सरकारी डॉक्टर घेतात, हिसारला घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे तिथली या कामातली लॅब मोठी. मला एकदा एका ऑफिसनं एका कागदासाठी पाच चकरा मारायला लावल्या, चिडचिड झाली, तरी सांगते की करा. नाकातून घट्ट पिवळा स्राव, कातडीवर गाठी फुटलेल्या असा घोडा वरातीत शेजारी आला तर आपली घोडी तिथून काढा आणि त्याच्या बादलीतलं पाणी पाजू नका.

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये भुसा स्वस्त असतो तेव्हा वर्षाचा भरून ठेवला तर?

भरा, पण अर्धा भुसा, अर्धं गवत. आणि दाराजवळचा आधी संपवायचा नाही, जुना आधी. बुरशीचा वास आला की फेकायचा, गाय खाईल म्हणून सुद्धा ठेवायचा नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र आहे, त्यात ते सांगतात की दाणा-गवत आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. आणि पुढे, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी जातील. एवढं मोठं राज्य उभं करणारा माणूस उंदरानं ओढलेल्या वातीचा विचार करत होता! आमच्या गवताच्या शेडवर मी हा मजकूर पाटी करून लावलाय. सईस मराठी वाचत नाहीत, त्यांना मी हिंदीत समजावून सांगितलं, तेव्हापासून बिडी शेडच्या पन्नास पावलं लांब.

प्रश्न : घोड्याला पोहे-जलेबी चालते का? आमचा मुलगा रोज सकाळी शेजारच्या तांग्याच्या घोड्याला देतो.

इंदूरकर असून सांगते, नाही चालत. एखादा तुकडा खाल्ला तर आकाश कोसळत नाही, आमच्याकडे एका घोडीचं नावच जिलबी आहे ते असंच पडलं. पण रोज गोड आणि मैदा नको, खुरांच्या आत सूज येते, आणि शेव तर अजिबात नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोंबड्यांचं किंवा गाईम्हशींचं तयार खाद्य घोड्याला घालू नका, त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते त्यांना चालतं आणि घोड्याचं हृदय बंद पाडतं, अगदी थोडं सुद्धा. आणि कण्हेर. रस्त्याच्या डिव्हायडरवर सगळीकडे लावलीय, गुलाबी, सुंदर, मूठभर पानांनी घोडा जातो. तांगेवाल्या भाऊंना हे नक्की सांगा.

प्रश्न : मी इंदूरच्या पागनीस पागा मोहल्ल्यात लहानाची मोठी झाले, आता ८१ वर्षांची आहे. आजोबा सांगायचे घोडा उभ्यानंच झोपतो, कधी आडवा होत नाही. खरं का ग?

आजी, अर्धं खरं. उभ्यानं डुलकी काढतो, पायाचे सांधे असे अडकवून ठेवतो की स्नायूंना जोर लागत नाही, एक मागचा पाय तेवढा सैल सोडतो. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, रोज अर्धा-पाऊण तास तरी, तोही तुकड्यातुकड्यानं. आणि सगळे एकदम कधी झोपत नाहीत. पहाटे तीनला जाऊन बघितलं तर आठ आडवे, दोघे पेंगत, आणि चंद्रा कान ताठ करून उभी. तुमच्या आजोबांना जी दिसायची ती बहुतेक त्यांची चंद्रा असणार. तुमच्या लहानपणी तिथे खरोखर घोडे होते का, हे मला कळवा ना, पत्ता संपादकांकडे आहे.

प्रश्न : मी तिसरीत आहे. घोड्याच्या मागे उभं राहू नको असं आई म्हणते. का?

कारण त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी शेपटीमागचं आणि नाकासमोरचं थोडंसं दिसत नाही. तिथे कोणी गुपचूप आलं की त्याला वाटतं वाघ आला, आणि वाघाला लाथच मारायची असते. तू बाजूनं, खांद्याकडून ये, येताना बोलत ये, काहीही बोल, पाढे म्हटलेस तरी चालतील. खांद्यावर हात ठेव, मग पुढे हो. आमच्याकडे आईबरोबर आलीस तर मोगऱ्यासाठी गाजर आण. गोल चकत्या नको ग, त्या घशात अडकतात, लांब उभं चिरून आण, आणि हात असा सपाट, बोटं जुळवलेली ठेव, नाहीतर त्याला कळत नाही गाजर कुठे संपतं.